रोटांचं दळण

बेबाबाईची पाळी गेली तेव्हा तिनं गल्लीत गूळ तेवढा वाटला नाही, बाकी सगळं केलं. पाण्याच्या टाकीजवळ सांगितलं, गिरणीत सांगितलं, आणि ज्यांना ऐकू येत नाही अशा म्हाताऱ्यांना हातवारे करून सांगितलं. बेबाबाई माझी थोरली जाऊ, घरात तिला अक्का म्हणतात. मी कुंदा, धाकटी. पाळी गेल्याचा एवढा आनंद कशाचा, हे एरंडोलकडच्या आमच्या बायांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्यासाठी रोट करायचे, म्हणजे गोड, जाडसर पोळ्या. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो घरच्या जात्यावर दळायचा, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या तोंडात तुकडा जाता कामा नये. आमच्या भाऊबंदकीत आणखी एक रीत आहे. हे दळण दळायचं ते जिची पाळी कायमची गेली आहे अशाच सुनेनं. पाळी जाईपर्यंत बाईनं त्या दिवशी दारात बसून गहू कसा पडतो ते नुसतं बघायचं. माझी सासू यशोदाबाई, तिचे हात थरथरायला लागले आणि जात्याचा खुंटा बेबाबाईच्या हातात आला. माझीही पाळी मागाहून गेली, पण खुंटा एकदा जिच्या हातात जातो तिच्याच हातात राहतो. दर श्रावणात ती जात्यावर बसायची आणि मी सूप हातात घेऊन उभी. पीठ पडायचं तिच्याकडे आणि कोंडा उडायचा माझ्या डोळ्यांत.

आमचं बोलणं बंद होतं. माझ्या लेकीच्या, भूमिकाच्या लग्नात, भर मांडवात, तिनं माझ्या माहेरच्या बायांच्या ओट्या भरल्या नाहीत, तेव्हापासून. वाटणीत घर दोन झालं, ओटा अर्धाअर्धा झाला, धुण्याचा दगड मात्र एकच राहिला. त्यामुळे काही सांगायचं असलं तर आम्ही म्हशीला सांगायचो. म्हैस बिचारी दोन्हीकडच्या शिव्या रवंथ करत ऐकायची.

एका उन्हाळ्यात उपकेंद्रात धुळ्याची एक सिस्टर आली, चारुलता नावाची. तिनं गावातल्या बायांना गोळा केलं, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची माहिती द्यायला. मी गेले, कारण तिथं पंखा होता. बेबाबाई आली, कारण मी गेले होते.

पोरगी बोलायला गोड होती. म्हणाली, हा रोग हळूहळू होतो, बरीच वर्षं घेतो, म्हणून वेळेत सापडला तर बरा करता येतो. तपासायला वेळ लागत नाही. सिरक्यासारखं पाणी लावून बघायचं, पांढरा डाग उमटला तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जात असेल, नवऱ्याजवळ गेल्यावर लाल जात असेल, पांढऱ्याला वास येत असेल, तर तपासणीच्या दिवसाची वाट न बघता यायचं. मग धोका कोणाला जास्त ते तिनं सांगितलं. जिचं लग्न कोवळ्या वयात झालं, जिची बाळंतपणं पाठोपाठ झाली, जी मशेरी लावते, जिच्या नवऱ्याचं बाहेर येणंजाणं आहे. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती रोगाची माहिती सांगत होती की आमच्या गावच्या बायांची, कळेना.

शेवटी ती म्हणाली, याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो नवराबायकोच्या संबंधातून येतो. पुष्कळ जणींना येतो आणि आपोआप निघून जातो, एखादीच्या अंगात मुक्काम करतो. बाकीचं कोणी ऐकलं नाही. 'संबंध' हा शब्द पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्या खोलीत फिरला.

बेबाबाई उठून उभी राहिली. "म्हंजे आम्ही काय वाया गयेल बाया शेतस का?"

"नाही हो मावशी," सिस्टर म्हणाली. "बाई घरातच असते. विषाणू चालत घरी येतो."

मागं कोणीतरी खुसकन हसलं. माझे जेठ, म्हणजे बेबाबाईचा नवरा सुपडूभाऊ, यांनी उमेदीची वर्षं केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत नेण्यात घालवली, आणि रस्त्यातल्या ढाब्यांच्या गोष्टी ते पारावर स्वतःच सांगत. त्या हसण्यानं बेबाबाईचा चेहरा असा झाला की मला, मलासुद्धा, मजा आली नाही. ती निघून गेली आणि तिनं गावभर सांगितलं की जी तपासायला जाईल ती तसली बाई. मग कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. मी गेले असते तर तिनं म्हटलं असतं, दखा, इले गरज पडनी.

पेरण्या झाल्या, आणि मला दगडावर खूण दिसायला लागली. धुण्याचा दगड एकच असला की एका बाईचं काही दुसरीपासून लपत नाही. ती उजाडायच्या आत धुवायची, तरी फटीत लालसर पाणी राहायचं. मागच्या तारेवर तिचा परकर वाळत असायचा आणि त्याच्या खाली, परकरानं झाकून, जुन्या लुगड्याच्या घड्या. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईच्या तारेवर या घड्या कशाच्या? जवळून गेली की वास यायचा. निंदायला बसली की उठताना कंबरेवर हात ठेवून क्षणभर तशीच वाकून राहायची. बेबाबाई कधी कोणासमोर वाकलेली मी बघितली नव्हती.

मी म्हशीला म्हणाले, "ज्या बाईले या वयमा लाल जास, तिनी दवाखानामा जावो."

तिनं तिच्या बाजूनं म्हशीला सांगितलं, "तुन्या मालकीनले सांग, दुसरानी तार दखाले डोया दियेल नहीत."

मग मी सिस्टरला सांगितलं. ती ओट्यापर्यंत आली. बेबाबाईनं तिला पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वसुली अधिकाऱ्यालाही पाणी मिळतं. "मले काय व्हयेल नही," ती म्हणाली, "जिले व्हयेल शे तिनं दार ते शे," आणि माझ्या दाराकडे बोट केलं. सिस्टर दोनदा आली, दोनदा परत गेली.

तेव्हा मला कळलं की ती का लपवते. ती रोगाला भीत नव्हती, रोग तिच्या मनातही आला नव्हता. तिला वाटत होतं की गेलेली पाळी परत आली. आणि पाळी आहे म्हणजे खुंटा गेला. नुसता गेला असता तर तिनं सोसलंही असतं. तो माझ्या हातात गेला असता.

आखाडात गहू निवडायचा दिवस आला. भाऊबंद यशोदाबाईच्या ओसरीत जमले. सगळ्यात वडील चुडामण आबा भिंतीला टेकून बसले होते. बाया सुपं घेऊन गोल बसल्या. बेबाबाई मधोमध, नव्या लुगड्यात, तोंडात मशेरीचं बोट. तिनं गव्हात हात घालायच्या आधी मी सासूकडे बघून बोलले. म्हैस गोठ्यात होती, त्यामुळे माणसांनाच सांगावं लागलं.

"माय, गहूले हात लावाना पयले अक्काले इचारा. तिले लाल जास."

पुरुषांनी वर आढ्याकडे बघितलं, जणू लाल काही असलंच तर तिथं असेल.

बेबाबाई म्हणाली, माझ्या जिभेत किडे पडतील, माझं वाटोळं होईल, मी पहिल्या दिवसापासून तिच्या खुंट्यावर डोळा ठेवून आहे. ते शेवटचं खरंच होतं. मी मान डोलावली. यशोदाबाईनं हात वर करून तिला थांबवलं आणि गव्हाचं सूप तिच्यापुढं सरकवलं.

"गहूवर हात ठेव आन सांग, नही जास."

बेबाबाईचा हात सुपावर आला. आला आणि तिथंच राहिला, गव्हापासून बोटभर वर. नवऱ्याची, पोरांची, शेताच्या बांधाची कसलीही खोटी शपथ ती घेईल, कानबाईच्या गव्हावर घेणार नाही हे मला माहीत होतं. मी त्याच्यावरच बेतलं होतं. हात मागं गेला.

"ती पाळी नही शे," ती म्हणाली. "उष्णता शे."

"कोन म्हनस?"

"मी म्हनस."

चुडामण आबांनी घसा साफ केला आणि गहू यंदा कुंदाकडे जाऊ द्या असं आढ्यालाच सांगितलं. बेबाबाई उठली. जाताना माझ्यासमोर थांबली. कागद आणून दाखवीन, म्हणाली, मग तुला माझ्या पायावर नाक घासावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ती गेली. ज्या पोरीला पाणी विचारलं नव्हतं तिच्याकडे, एकटी, ताठ मानेनं. तासाभरात परत आली ती वाजतगाजत म्हणावी तशी. प्रत्येक दारात थांबून सांगत आली की सिस्टरनं तपासलं, सिस्टर म्हणाली ही पाळी नाही, हे दुखणं आहे. दुखण्याचा विटाळ नसतो. तिच्यामागून चारुलता उन्हात जवळजवळ धावत येत होती आणि म्हणत होती, "मावशी, ऐका, जळगावला याच आठवड्यात जायचंय. चिठ्ठी दिलीय ना, याच आठवड्यात." बेबाबाईनं चिठ्ठी कमरेला खोचली होती आणि तिच्या लेखी काम झालं होतं. मी त्या पोरीचा चेहरा बघितला. त्याच्यावर सगळं लिहिलेलं होतं.

गहू माझ्या घरात, तांब्याच्या हंड्यात होता. बेबाबाई दारात आली आणि हात पुढं केला.

"सिस्टर कालनी पोर शे," मी उंबऱ्यावरून म्हणाले. "मोठा डाक्टरनं आन. जळगावनं. मंग देसु."

तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या. ती गल्ली अशी भांडणं ऐकून वाढलेली, पण त्या दिवशी काही शिव्या लोकांना नव्या वाटल्या. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

सुपडूभाऊंना यशोदाबाईनं विचारलं, बायकोला जळगावला नेतोस का. ते खाटेवर होते. म्हणाले, कपाशीवर मावा पडलाय, फवारणी आहे, बायांचं बायांनी बघावं. कपाशीच्या पानावर एक ठिपका दिसला की हा माणूस त्याच दिवशी एरंडोल गाठून औषध आणतो. बेबाबाईची सून पुनम बाळंतीण, सव्वा महिना व्हायचा होता. मग यशोदाबाईनं दोघींना समोर उभं केलं.

"जिनी चुगली करी तीच संगे जाई," ती म्हणाली. "सोताना डोयानं दखी. म्हंजे मागून कागद खोटा म्हनाले जागा नही."

म्हणून मी गेले. सोबत म्हणून नाही, विरोधी पक्षाची साक्षीदार म्हणून.

एरंडोलहून एसटीत ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. मी पुढच्या बाकावर बसले. दवाखान्यात आमच्या दोघींच्या मध्ये एक खुर्ची रिकामी राहायची आणि गर्दीतल्या बाया तिच्यावर बसायला यायच्या, मग आम्हा दोघींची तोंडं बघून दुसरीकडे जायच्या. डब्यात मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा नेला होता. तिनं खाल्ला नाही. कॅन्टीनची पावभाजी घेतली, तिखट नाही म्हणून शिव्या दिल्या, आणि तीही टाकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आत सोबत कोणी बाई आहे का असं त्यांनी विचारलं. बेबाबाई म्हणाली नाही. नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि मला आत ओढलं. तुकडा काढायचा होता, तपासायला. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. माझा हात तिच्या हाताशेजारीच होता, तिनं टेबलाची कडा धरली. एकदाच तिच्या घशातून आवाज आला, तो तिनं खोकल्यात मिसळला. मी भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर गर्भपिशवीचं चित्र होतं, कोणीतरी गुलाबी रंगात काढलेलं. एवढीशी गोष्ट. हिच्यासाठी आमची लग्नं ठरली, हिच्यावरून आम्ही बाहेर बसलो, हिच्यावरून आत आलो.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो. मधल्या दिवसांत सोनोग्राफी झाली, आणखी एक मोठं मशीन झालं, आणि गल्लीत बेबाबाईनं सांगून ठेवलं की तपासणी चालू आहे, कुंदानं नाक घासायची तयारी करावी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं. सावकाश, दोनदा सांगितलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. लहान आहे, अजून तोंडापाशीच आहे, पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करून काढता येईल, आणि आत्ता काढला तर बरं होण्याची आशा चांगली आहे. पुढच्या आठवड्यात जागा आहे.

बेबाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पाळी नही ना?"

"पाळी कशी असेल, मावशी? हा आजार आहे."

"तेवढं लिखी द्या."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी लिहून दिलं. बेबाबाईनं तो कागद माझ्या मांडीवर टाकला.

"वाच."

मी वाचला. अक्षर गिचमिड होतं, तरी वाचला. ती जिंकली होती. मी इतकी वर्षं तिच्याशी भांडते आहे, ती जिंकल्यावर माझे डोळे भरून यायची ही पहिलीच वेळ. मी ते पदरानं पुसले आणि घाम पुसल्यासारखं तोंडही पुसलं.

ती उठली, पिशवीचे बंद बांधले. ऑपरेशनचं बघू म्हणाली, कानबाई होऊ द्या. कानबाईनंतर पोळा आहे. पोळ्यानंतर कपाशी फुटेल, वेचणीला बाया मिळत नाहीत. दिवाळीनंतर येते. डॉक्टरीणबाई समजावत राहिल्या की आज जो लहान आहे तो दिवाळीपर्यंत लहान राहणार नाही, नंतर ऑपरेशन करता येईलच असं नाही. ती दाराकडे चालायला लागली.

आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. गव्हाच्या जोरावर मी तिला इथवर आणलं होतं, आणि कागद आला, गहू तिचा झाला. विनवणी करावी तर माझी विनवणी ऐकून ती मुद्दाम उलटं करील. मी तिच्याशी जसं बोलत आले तसंच बोलले.

"अक्का, तू मरनी तर सुतक पडी."

ती थांबली.

"बठ्ठी भाऊबंदकीले सुतक पडी. रोट मोडतीन. कानबाई बसाव नही, आन कितला साल बसाव नही ते आबालेच माहीत. मंग गल्ली काय म्हनी? बेबाबाई मरनी ते मरनी, रोट मोडीसन मरनी."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. नर्स म्हणाली, अहो काकू, पेशंटशी असं बोलतात का. बेबाबाई मात्र माझ्याकडे बघत होती. कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे सरळ बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं, मशेरीनं दातही काळे. एवढी वाळली कधी ही?

"तुले मन्हा मरानी घाई शे," ती म्हणाली.

"मले रोटनी कायजी शे."

"तुले पयलेपासून माहीत व्हतं. म्हनीसन ओसरीमा बोलनी."

"मले खुंटा पाहिजे व्हता."

"खोटी," ती म्हणाली.

मग ती परत येऊन खुर्चीवर बसली. मधली रिकामी खुर्ची या वेळी नव्हती, खोलीत दोनच होत्या. तिनं सही कुठं करायची ते विचारलं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर दगडावर कोरल्यासारखं काढलं. यंदाचं दळण तूच दळ म्हणाली, पण जाडंभरडं दळलंस तर टाके तुटले तरी उठून येईन. डॉक्टरीणबाईंनी नागपंचमीच्या आधीची तारीख दिली. नवऱ्याला आणावं लागेल म्हणाल्या. त्याला मी आणीन, मी म्हणाले. फवारणीचा पंप विहिरीत टाकला की येईल.

आम्ही निघणार, तेवढ्यात बेबाबाईनं माझ्याकडे बोट केलं.

"डाक्टरीनबाई, इनीबी तपासनी करा."

मी म्हणाले, मला काही झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कधी केली होती का. मी म्हणाले, गावात सिस्टर आहे, करू कधीतरी, एसटी चुकेल. बेबाबाईनं मधेच सांगितलं की हिनं सिस्टरचं सगळं भाषण पंख्याखाली बसून ऐकलं आणि टेबलावर काही झोपली नाही. लगीन हिचं माझ्यापेक्षा लहानपणी झालं, मशेरी हीपण लावते, चोरून लावते.

"हाई मरनी तरी सुतकच शे," ती म्हणाली. "झोपाडा इले."

नर्सनं पडदा ओढला. मी झोपले. वर पत्रा होता, त्याला गंज चढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय सैल सोडा, गार लागेल. गार लागलं. सैल काही सुटेना. पडद्याच्या खालून बेबाबाईचे पाय दिसत होते, भेगाळलेल्या टाचा, एक चप्पल अंगठ्याशी तारेनं बांधलेली. ती बाहेर जाऊन बसली नव्हती.

रांगेतल्या कोणा बाईनं तिला विचारलं, आत आहे ती तुमची कोण.

"जाऊ शे," बेबाबाई म्हणाली. "वाईट बाई शे."

आणि मग पडद्याजवळ तोंड आणून, आतल्यांना, हलक्या आवाजात म्हणाली, "घाई करू नका बाई. नीट दखा तिले."